मुल्कोवालचा चिमटा

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावात प्लेगची लस टोचण्याचे काम चालले होते. मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतून आलेल्या पाच बाटल्या त्या दिवशी उघडल्या गेल्या आणि १०७ माणसांना लस टोचली गेली. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्यांतल्या काहींचे जबडे आवळू लागले, पाठी धनुष्यासारख्या वाकू लागल्या. १९ माणसे धनुर्वाताने मेली. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

हा क्रमांक पुढे पाच वर्षे मुंबई, सिमला आणि लंडन येथील कागदपत्रांत फिरत राहिला. त्याने एका मोठ्या शास्त्रज्ञाची नोकरी घेतली, लसीवरचा लोकांचा विश्वास घालवला आणि अखेरीस प्रकरण येऊन थांबले ते एका चिमट्यापाशी. बाटलीचे बूच काढताना तो चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि बूच काढले. दिव्याच्या ज्योतीवर धरला नाही. हकीकत म्हणून एवढेच.

मी या प्रकरणाकडे वळलो ते इतिहासाच्या वाटेने नाही. माझे वडील शेलूबाजारात एका खाजगी डॉक्टरांकडे तीसहून अधिक वर्षे कंपाउंडर होते. आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यातले, हमरस्त्यावरचे, बाजाराचे. आता समृद्धी महामार्गाचा फाटा इथे उतरतो म्हणून नाव तरी लोकांच्या कानावर असते. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर बैलगाड्यांची रांग लागे, आणि आतून दिवसभर स्टोव्हचा भर्र आवाज येत राही. त्या स्टोव्हवर एक लांबट स्टीलचा डबा असे. त्यात काचेच्या पिचकाऱ्या, सुया, कात्री आणि चिमटे उकळत. तो डबा अजून आमच्या घरी आहे. त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या क्षाराचा थर बसला आहे, तो चिंचेनेही निघत नाही.

बाबांना मी मुल्कोवालची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मानसाचं काय केलं मंग?" त्यांना शास्त्रज्ञाचे काही पडले नव्हते. ते मदतनिसाविषयी विचारत होते.

*

वाल्देमार हाफकिन हे नाव मुंबईकरांना संस्थेमुळे माहीत असते. माणूस फारसा माहीत नसतो. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला हा ज्यू प्राणिशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला. १८९३ साली तो कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आला. तो वैद्यकीय पदवीधर नव्हता, इंग्रज नव्हता, त्यात रशियाचा प्रजाजन. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या गोऱ्या डॉक्टरांना तो कधीच आपला वाटला नाही, हे पुढची कथा समजायला लक्षात ठेवावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला थोडी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तेवढ्यावर त्याने तीन महिन्यांत लस उभी केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांना. याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या आणि जूनमध्ये रँडचा खून झाला. आपल्याकडच्या प्लेगच्या आठवणी बहुतेक याच दोन घटनांभोवती आहेत. लस मात्र त्या आठवणींत कुठेच नसते, याचे मला नवल वाटत आले आहे.

लस करण्याची रीत मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळची होती. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस लागे. हिंदू आणि मुसलमान दोघांचीही हरकत येऊ नये म्हणून हाफकिनने गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बकऱ्याचे मांस घेतले. रसावर तो तुपाचे थेंब सोडी. त्या तरंगत्या थेंबांच्या खालच्या बाजूने जंतूंची वाढ गुहेतल्या चुनखडीसारखी लोंबत खाली उतरे. फ्लास्क हलवला की ती गळून तळाशी जाई आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हे सगळे तापवून जंतू मारायचे, वर थोडे कार्बोलिक घालायचे आणि बाटल्यांत भरायचे.

१८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. मूळचा पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ, नंतर गव्हर्नरांचा बंगला, आणि मग प्लेगचे जंतू. मी आचार्य दोंदे मार्गावर उभा राहून ती इमारत पाहिली आहे. आजूबाजूला एवढी रुग्णालये आहेत की फाटकाशी थांबलेल्या माणसाला लोक रोग्याचा नातेवाईकच समजतात. मलाही एकाने विचारले, कोण ॲडमिट आहे?

१९०२ साली पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे ठरवले आणि परळवर मागणीचा भार एकदम वाढला. उत्पादन वाढवायला हाफकिनने रीत बदलली. बाटलीत कार्बोलिक घालणे सोडले आणि निर्जंतुकीकरणासाठी फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसला ही रीत चालू होती. मुंबईत नवी होती. ५३-एन ही बाटली या नव्या रीतीने, मुल्कोवालच्या दिवसाच्या ४१ दिवस आधी तयार झालेली होती.

*

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष. आयोगाला वाटले ते सरळ होते: रीत बदलली, कार्बोलिक गाळले, माणसे मेली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. हाफकिन संचालकपदावरून गेला, बिनपगारी रजेवर गेला आणि १९०४ साली इंग्लंडला निघून गेला.

चिमट्याची गोष्ट मात्र आयोगापुढच्या साक्षींतच होती. ती कोणी लपवली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून मत दिले की धनुर्वाताचे जंतू बहुधा बाटली उघडतानाच आत गेले असावेत. त्यामागचा युक्तिवाद मला आजही वाचताना पोलीस तपासासारखा वाटतो. धनुर्वाताचे जंतू परळला बाटलीत शिरले असते, तर ४१ दिवसांत ते मांसाच्या रसात वाढले असते. अशा वाढीला घाणेरडा वास येतो. बाटली उघडली तेव्हा टोचणाऱ्या डॉक्टरला काही वास आला नव्हता. शिवाय वाढलेल्या जंतूंनी विष आधीच तयार करून ठेवले असते, तर लोक लवकर आजारी पडले असते. इथे मधे आठवडाभर गेला. म्हणजे सुईवाटे विष गेले नव्हते, बीज गेले होते. ते माणसांच्या दंडात रुजले आणि मग विष झाले.

मलेरियाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस आणि आणखी नऊ जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिनला परत बोलावले. मुंबईला मात्र नाही. त्याला कलकत्त्याची जागा मिळाली आणि १९१४ नंतर तो हिंदुस्थानातून निघून गेला. फ्रान्समधल्या ड्रेफस खटल्याची आठवण ताजी होती, म्हणून याला काहींनी 'छोटे ड्रेफस प्रकरण' म्हटले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिनचे नाव दिले गेले. तोवर मुंबईहून लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा गेल्या होत्या.

*

आता चिमट्याकडे येतो, कारण माझा खरा विषय तो आहे.

मदतनिसाने काहीच केले नाही असे नाही. त्याने चिमटा कार्बोलिकमध्ये धुतला. त्या काळात कार्बोलिकचा दरारा मोठा होता. जोसेफ लिस्टरने १८६५ साली ग्लासगोत एका ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या हाडमोडीवर ते वापरले, १८६७ साली आपले निष्कर्ष छापले आणि नंतरच्या वीस वर्षांत शस्त्रक्रियेच्या खोलीतला पू हटला. कार्बोलिक म्हणजे शुद्धता, असे समीकरणच झाले. मुंबईतल्या आयोगालाही तेच वाटत होते. गंमत पाहा, हाफकिनने लसीतून कार्बोलिक काढले म्हणून त्याला दोषी धरले, आणि चिमटा कार्बोलिकात बुडवला होता म्हणून तो स्वच्छ मानला.

पण धनुर्वाताचा जंतू साधा नाही. तो मातीत, शेणात, घोड्याच्या लिदीत राहतो. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू होतो. ढोलीच्या काडीच्या टोकाला गोळा असावा तसा तो सूक्ष्मदर्शकातून दिसतो. या अवस्थेत तो वर्षानुवर्षे पडून राहतो. कार्बोलिकात तास न् तास तग धरतो, मग क्षणभराच्या बुचकळीने त्याला काय होणार? साध्या उकळण्यालाही काही बीजाणू दाद देत नाहीत. बर्लिनमध्ये कोखच्या प्रयोगशाळेत किटासाटो या जपानी तरुणाने १८८९ साली हा जंतू प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा काढला, तो याच चिवटपणाचा फायदा घेऊन. त्याने जखमेतले सगळे मिश्रण ८० अंशांवर सुमारे तासभर तापवले. बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे उरले.

ज्योतीत लाल केलेल्या लोखंडापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. म्हणजे मुल्कोवालच्या त्या जमिनीवर दोन रस्ते होते: एक बाटलीतल्या औषधाचा आणि एक दिव्याचा. औषधाचा रस्ता सोपा होता.

आगीचे हे ज्ञान आपल्याकडे सुश्रुतापासून होते, असे सांगण्याचा मोह मला ठाऊक आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मित्रांपैकी दोघे तरी तो नेहमी करतात. सुश्रुतसंहितेत पोटाबाहेर आलेली मेदाची वळकटी तापवलेल्या शस्त्राने कापावी असे आहे, आणि डल्हणाने टीकेत शस्त्र तापवले नाही तर पाक होण्याची भीती असते असे स्पष्ट म्हटले आहे. हे निरीक्षण मोठे आहे. पण ते एका प्रसंगापुरते आहे. प्रत्येक शस्त्र प्रत्येक वेळी तापवावे असा नियम त्यातून आपल्याकडे रुजला नाही. सुईणीचा विळा कोणी तापवला नाही. त्यामुळे अभिमान बाळगायचा तर तो अर्धाच बाळगता येतो.

युरोपातही लिस्टरच्या औषधाकडून उष्णतेकडे वळायला वेळ लागला. पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलँ याने १८७९ साली दाबाखालच्या वाफेचे भांडे केले, तोच आपला ऑटोक्लेव्ह. चौरस इंचाला १५ पौंड दाब, १२१ अंश उष्णता, पंधरा-वीस मिनिटे, बीजाणू मरतात. आपल्या घरचा कुकर शिटी देतो तेव्हा आत जवळपास एवढाच दाब असतो. दोन्ही भांडी एकाच आजोबांची नातवंडे आहेत. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली हाडे शिजवायला जे बंद भांडे केले होते, ते हे आजोबा. पुढे जर्मनीत बर्गमान आणि शिमेलबुश यांनी वाफेची रीत शस्त्रक्रियेच्या खोलीत आणली. छिद्रांची पट्टी सरकवता येणारा धातूचा गोल डबा शिमेलबुशच्या नावाने ओळखला जातो. आज आपल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात नर्स 'ड्रम लावला का' म्हणून विचारते, तो हाच ड्रम.

उष्णतेने हत्यारांचे रूपही बदलले. त्याआधी शस्त्रवैद्याच्या पेटीतल्या सुऱ्यांना आबनूसाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठी असत, त्यावर नक्षी असे, पेटीला आतून मखमल असे. उकळू लागल्यावर मुठी तडकल्या. नक्षीच्या खाचेत रक्त बसते हे लक्षात आले. मग सगळे हत्यार एकसंध धातूचे, गुळगुळीत झाले. कात्रीची दोन पाती सुटी करता येऊ लागली. मुल्कोवालपासून फार लांब नसलेल्या सियालकोटात मिशनच्या रुग्णालयाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली हत्यारे दुरुस्तीला गावच्या लोहारांकडे दिली. लोहारांनी आधी दुरुस्ती केली, मग नक्कल केली. आज जगातल्या कितीतरी शस्त्रक्रियांतले चिमटे सियालकोटचे असतात.

*

आमच्या वऱ्हाडात धनुर्वाताला नाव होते, पण तान्ह्या मुलाच्या धनुर्वाताला नव्हते. माझ्या आजीची चार मुले जन्मून पंधरा दिवसांच्या आत गेली. दूध ओढेनासे व्हायचे, तोंड मिटून जायचे, अंग ताठ व्हायचे. घरात म्हणायचे, सटवाईने नेले. पाचवीला पूजा मांडतो, सटवाई नशीब लिहायला येते असे मानतो. नाळेवाटे शिरलेला धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी बराच काळ बसलो होतो. देवीचा दिवस रोगाने ठरवला असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. पण आईने पाचव्या रात्री जागे राहावे, मुलाला एकटे सोडू नये, हा धाक कुठून तरी आला असणार.

नाळ विळ्याने कापत, कधी कडब्याच्या सालपटाने. वर राख किंवा शेण. पुढे दाईंच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ. नवे ब्लेड पाकिटातून मिळू लागले, गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. भारतात माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे शून्य नव्हे; कुठल्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी, असा त्याचा अर्थ. मुल्कोवालनंतर ११३ वर्षांनी. त्या बातमीला आमच्याकडे पेपरात किती ओळी मिळाल्या असतील?

माझ्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. गावात येणाऱ्या माणसाला 'देवी डॉक्टर' म्हणत आणि तो आला की पोरे कडब्याच्या गंजीत लपत. त्याच्याकडे आधी फिरवून टोचायचे चक्र असे, नंतर दोन दातांची सुई आली. ती सुई उकळून पुन्हा वापरायची, एकच सुई सुमारे दोनशे वेळा. देवीचे निर्मूलन फेकून द्यायच्या सुईने झालेले नाही. ते धुतलेल्या, उकळलेल्या, मोजून परत ठेवलेल्या सुयांनी झाले, आणि त्या उकळणाऱ्या माणसांची नावे कुठेही नाहीत.

बाबांची रीत मी आता त्यांच्याकडून नीट लिहून घेतली आहे. पिचकारीची नळी आणि दट्ट्या वेगळे करायचे. आधी गार पाण्यात धुवायचे. गरम पाणी लागले तर रक्त आतच चिकटते. सुईत बारीक तार घालून फिरवायची. नळी फडक्यात गुंडाळून गार पाण्यातच ठेवायची आणि मग स्टोव्ह पेटवायचा. उकळत्या पाण्यात टाकली की काच तडकते. पाणी खळखळल्यापासून वीस मिनिटे. आमच्या विहिरीचे पाणी जड, त्याचा क्षार दट्ट्यावर बसे आणि पिचकारी अडके, म्हणून पावसाळ्यात पन्हळीचे पाणी कळशांत भरून ठेवत. सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासायची. एका सुईने किती माणसे झाली याचा हिशेब कोणी ठेवत नसे. बाजाराच्या दिवशी मात्र वीस मिनिटांची कधी दहा होत, कधी पाच. हे बाबांनी स्वतःहून सांगितले.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणाच्या कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांना कुकरसारखे स्टरिलायझर मिळाले. त्यात पिचकाऱ्या आणि सुया खोबणीत उभ्या बसत. उकळण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली होती. पण तेवढ्यात, १९८६ साली, देशात एचआयव्ही सापडला आणि काचेच्या पिचकारीचे दिवस भरले. लोकच दुकानातून 'डिस्पोव्हॅन' आणून डॉक्टरांच्या हातात देऊ लागले. बाबांना त्याचा राग यायचा. त्यांना तो अविश्वास वाटे, आणि होताही. २००५ साली सरकारी लसीकरणात एकदाच चालणारी, दुसऱ्यांदा दट्ट्या न सरकणारी पिचकारी आली.

*

पिचकारी सुटली, पण हत्यारे सुटली नाहीत. चिमटा, कात्री, सुई धरायची पकड ही पुन्हा पुन्हा वापरायचीच असतात. आणि दुर्बीण.

कुटुंबनियोजनाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला आमच्या बायका 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणतात. हिवाळ्यात शिबिरे लागत. माझ्या बायकोची शस्त्रक्रिया अशाच एका शिबिरात झाली. गाव सांगत नाही. दुर्बिणीतल्या भिंगांना ऑटोक्लेव्हची वाफ त्या काळी सोसत नसे, म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवत. त्याचा हिशेब असा आहे: २० मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, बीजाणूंसकट सगळे मरायला १० तास लागतात. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. दुर्बीण ट्रेमध्ये जाई आणि पुढच्या बाईला टेबलावर घेईपर्यंत बाहेर येई. मी घड्याळ लावले नव्हते. तेव्हा मला २० मिनिटांचा हिशेबच माहीत नव्हता. महिन्याने बेंबीखालच्या छिद्राजवळ गाठ आली, मग पू. सहा महिने औषधे झाली. क्षयाच्या जातकुळीतले पण पाण्यात राहणारे जंतू असतात, ते अपुऱ्या बुडवणीतून आणि नळाच्या पाण्याने खळबळण्यातून छिद्राच्या जागी जातात आणि तीन-चार आठवड्यांनी उठतात, हे मला फार नंतर वाचायला मिळाले. तिच्या बाबतीत तेच झाले असे मी सिद्ध करू शकत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या सकरी येथे एका शिबिरात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया काही तासांत, एका दुर्बिणीने झाल्या. तेरा बायका दगावल्या. सरकारने गोळ्यांतल्या विषाकडे बोट दाखवले, इतरांनी शिबिराच्या अस्वच्छतेकडे. तो वाद अजून मिटलेला नाही. मी फक्त एक गुणाकार मांडतो. एका दुर्बिणीला दर वेळी २० मिनिटे, असे ८३ वेळा केले तर १६६० मिनिटे होतात, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. सरकारचाच नियम होता की एका सर्जनने दिवसाला तीसच्या वर अशा शस्त्रक्रिया करू नयेत आणि त्यासाठी तीन दुर्बिणी असाव्यात. २०१६ साली देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत ही शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला.

हे लिहिण्यासाठी मी आसपासच्या काही दवाखान्यांतल्या नर्सबाईंशी बोललो. त्यांनी जे सांगितले ते पुस्तकांत इतके ठळक नसते. ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना त्याची छिद्रे उघडी ठेवायची आणि काढल्याबरोबर बंद करायची. घाईत पट्टी सरकवायची राहिली तर वाफ आत जातच नाही आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे डबा तापला एवढेच कळते. आतला चिमटा तापला का, हे कळत नाही. ड्रम कोंबून भरला तर मध्ये हवा अडकते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: चिमट्याच्या सांध्यात वाळलेले रक्त राहिले, तर वाफेने ते शिजून पक्के बसते, त्याखाली जंतू सुरक्षित. धुण्याआधी वाफ नाही, हा नियम. दहा मिनिटे क्लोरिनच्या पाण्यात बुडवायचे असे अजून बऱ्याच ठिकाणी शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगितले की धुण्याआधी क्लोरिनमध्ये ठेवू नका, हत्यार गंजते आणि रक्तामुळे क्लोरिनचा जोरही जातो. गंजलेल्या खाचेत पुन्हा रक्त बसते. एक बाई म्हणाल्या, "साहेब, धुणाऱ्या मावशीला कोणी प्रशिक्षण देत नाही, प्रशिक्षण आम्हाला देतात." धुते मावशीच.

मुल्कोवालच्या बाबतीत माझे मत असे झाले आहे की हाफकिन निर्दोष होता हे खरे, पण तो सुटल्याबरोबर दोष चिमटा उचलणाऱ्या हाताकडे सरकला आणि तिथेच थांबला, हे बरोबर नाही. १०७ माणसांची रांग, उघड्यावरचे काम, मातीची जमीन, हाताशी कार्बोलिकची बाटली. ज्योत वापरायची असा नियम होता. नियम का आहे, हे त्याला कोणी सांगितले होते का? मुख्य न्यायमूर्तींनाही कार्बोलिक पुरेसे वाटत होते. मग मदतनिसाकडून काय अपेक्षा करायची?

हे मी बाबांना सांगितले. त्यांचे वय आता ८४ आहे. ते म्हणाले, "मीबी एकडाव केलं होतं तसंच." बाजाराचा दिवस होता, बाहेर पंचवीसेक माणसे. उकळलेली सुई चिमट्यातून निसटून खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली. डब्यात दुसरी नव्हती. त्यांनी ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि एका सालदाराला टोचली. पेनिसिलिन होते. त्या माणसाला काही कळले नाही, पैसे देऊन तो गेला.

"मले धा दिस झोप नाही आली," बाबा म्हणाले. "डॉक्टरायले सांगितलं नाही. तुह्या मायलेबी नाही."

पुढच्या बाजारी तो सालदार आला नाही. त्याच्या पुढच्या बाजारी बाबा दवाखाना सोडून दुपारी बाजारात गेले, सगळ्या ओळी फिरले. तो मिरच्यांच्या ढिगापाशी उकिडवा बसून भाव करत होता. बाबा त्याच्या मागे उभे राहून थोडा वेळ त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनीही पावशेर मिरच्या घेतल्या.